पाणी इथपर्यंत येईल

पॅरिसमध्ये २०१५च्या डिसेंबरात हवामान परिषद भरली, तेव्हा शहराच्या उत्तरेला ल बूर्जे इथल्या सभागृहांत जवळजवळ दोनशे देशांचे प्रतिनिधी मसुद्यातल्या एकेका शब्दावर अडून बसले होते. त्याच दिवसांत शहराच्या मध्यभागी, पँथेऑनसमोरच्या चौकात, बर्फाचे बारा अजस्र तुकडे घड्याळाच्या तबकडीसारखे गोलाकार मांडून ठेवले होते. ग्रीनलंडमधल्या नूक शहराजवळच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरकड्यांमधून आत घुसलेल्या समुद्रात, तरंगणारे ते हिमनग. शीतकंटेनरमध्ये घालून ते युरोपात आणले होते. भोवती कुंपण घातलेलं नव्हतं. येणारेजाणारे हात लावत, मिठी मारत, मुलं जीभ लावून बघत. आणि जे कान लावत, त्यांना आतून बारीक तडतड ऐकू येई.

ग्रीनलंडच्या अंतर्भागात पडलेलं हिम उन्हाळ्यात पुरतं वितळत नाही. त्याच्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा. वरच्या भाराने खालचं हिम दाबलं जाऊन त्याचा घट्ट बर्फ होतो आणि हिमकणांमधली हवा बुडबुड्यांच्या रूपात आतच कोंडली जाते. हजारो वर्षं ती तशीच दाबाखाली राहते. बर्फ वितळू लागला की बुडबुड्याची भिंत पातळ होते आणि फुटते. तडतड होते ती त्याची. पॅरिसमध्ये मुलांच्या कानाशी जी हवा सुटत होती, ती माणसाने गिरण्या आणि आगगाड्यांसाठी कोळसा जाळायला घेतला त्याच्या कितीतरी आधीची होती. शास्त्रज्ञ ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल वेध घेऊन लांबच लांब दंडगोल बाहेर काढतात, ते प्रामुख्याने अशाच जुन्या थरांसाठी आणि त्यांतल्या हवेसाठी. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होतं, हे आपल्याला कळलं ते अशा बुडबुड्यांमुळे. आज तो आकडा ४२०च्या पुढे गेला आहे.

‘आइस वॉच’ या नावाने ओळखलं जाणारं हे काम ओलाफुर एलियासन हा कलावंत आणि मिनिक रोसिंग हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला भूगर्भशास्त्रज्ञ यांनी मिळून केलेलं आहे. २०१४मध्ये कोपनहेगनला, मग पॅरिसला, २०१८च्या डिसेंबरात लंडनला. प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच मी ते घेतलं, कारण या पुस्तकातल्या सगळ्या कामांकडे बघायची माझी जी कसोटी आहे ती इथे उघड दिसते. प्रयोगशाळेतलं यंत्र ज्या बुडबुड्याशी भिडतं, त्याच बुडबुड्याशी इथे एका मुलाचा कान भिडला. मध्ये चित्र नव्हतं, प्रतीक नव्हतं, भाषण नव्हतं. हवामानबदल लोकांना दाखवणारी सार्वजनिक कला गेल्या वीस वर्षांत पुष्कळ झाली. त्यातली जी टिकेल असं मला वाटतं, ती मोजमापाशी इमान राखणारी आहे.

हवामानबदल दाखवणं मुळातच अवघड आहे. आज पाऊस पडला हे दिसतं, पण हवामान म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या ऊन-पाऊस-वाऱ्याची साधारण तीस वर्षांची सरासरी. सरासरी कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटर वाढते. भरती-ओहोटीत रोज कित्येक फूट वरखाली होणाऱ्या पाण्यात ते मिलिमीटर किनाऱ्यावर जन्म काढलेल्या कोळ्यालाही दिसायचे नाहीत. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. मग माहिती राहते ती अहवालांत आणि आलेखांत. वर्तमानपत्राला चित्र हवं असतं, म्हणून ते बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं असलेलं ध्रुवीय अस्वल येतं. वाचकाला अस्वलाची कणव येते, आणि ही आपल्यापासून फार दूरची गोष्ट आहे अशी त्याची खात्रीही पटते. आपल्या गल्लीचं काय होणार, हे अस्वल सांगू शकत नाही.

लंडनच्या ‘आइस वॉच’मध्ये टेट मॉडर्न या कलासंग्रहालयासमोर चोवीस आणि सिटी भागात सहा, असे तीस तुकडे होते. एकेकाचं वजन दीड ते पाच टन. ते वितळायला काही दिवस लागले. आता याच्या शेजारी एक हिशेब ठेवू. गेल्या दोन दशकांत ग्रीनलंडच्या हिमस्तरातून सरासरी वर्षाला सुमारे २७० अब्ज टन बर्फ कमी होत गेला आहे. ही घट मोजली गेली गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म फरक टिपणाऱ्या उपग्रहांच्या जोडीने. वर्षाच्या सेकंदांनी भागलं तर दर सेकंदाला साडेआठ हजार टन. लंडनला आणलेला सगळा बर्फ जमेस धरला तरी पापणी लवते तेवढ्या वेळात ग्रीनलंड त्याहून कितीतरी अधिक गमावतं. कागदावर २७० अब्ज वाचून काहीच होत नाही. पण पाच टनांच्या तुकड्याला जो हात लावून आला आहे, त्याच्यासाठी ‘दर सेकंदाला साडेआठ हजार टन’ याला वजन येतं, थंडावा येतो. त्याला एक एकक मिळालेलं असतं.

यावर आक्षेप आलाच, आणि तो योग्य आहे: बर्फ वितळतोय हे सांगायला ग्रीनलंडचा बर्फ जहाजाने आणि ट्रकने हजारो किलोमीटर आणायचा? हे तुकडे हिमस्तरापासून आधीच सुटून पाण्यावर तरंगत होते. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी अगोदरच बाजूला सारून बसलेला असतो, म्हणून ते उचलल्याने समुद्राच्या पातळीत काही भर पडली नाही. पण वाहतुकीचा धूर झालाच. त्याची मोजदाद ज्युलीज बायसिकल या संस्थेकडून करून घेण्यात आली आणि आकडे जाहीर केले गेले: पॅरिसच्या वेळी सुमारे ३० टन, लंडनच्या वेळी सुमारे ५५ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. एवढी किंमत मोजायला हवी होती का, यावर मतभेद होतील. माझ्या मते पॅरिसला ती वसूल झाली. तिसऱ्या खेपेबद्दल मला तितकी खात्री नाही. पण आपल्या कलाकृतीचा स्वतःचा धूर मोजून लोकांसमोर ठेवणं हा त्या कामाचाच भाग आहे. जगाला हिशेब विचारणाऱ्याने आपली वही उघडी ठेवली पाहिजे.

व्हेनिसचं उदाहरण याच्या उलट टोकाचं. २०१७मध्ये लोरेन्झो क्विन या शिल्पकाराने तिथल्या ग्रँड कॅनालमधून वर येणारे दोन प्रचंड पांढरे हात उभे केले. एका जुन्या प्रासादाची, का सॅग्रेडो हॉटेलची, भिंत त्यांनी सावरून धरल्यासारखी दिसायची. ‘सपोर्ट’ या शिल्पाची छायाचित्रं जगभर गेली. हात देखणे होते, आणि व्हेनिस बुडतंय हा निरोप एका दृष्टिक्षेपात पोचत होता. पण पाणी कुठवर येईल, कधी येईल, का येईल, यातलं काहीही ते हात सांगत नव्हते. ते कुठल्याही कालव्यात, कुठल्याही इमारतीला टेकवता आले असते. १२ नोव्हेंबर २०१९च्या रात्री व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं, १९६६च्या महापुरानंतरचं सर्वांत जास्त. तोवर हात तिथून हलवले गेले होते. ते असते तरी त्या रात्रीबद्दल व्हेनिसकरांना त्यांच्याकडून कळलं नसतं ते जुन्या घरांच्या भिंतींवरच्या १९६६च्या खुणा बघून कळत होतं. त्या शिल्पाच्या कारागिरीत मला उणं काढायचं नाही. पण काळजी निर्माण करणं आणि जाण देणं यांत अंतर आहे, आणि या विषयात पहिलीवर थांबणाऱ्या कामांची गर्दी फार झाली आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाचा द्वीपसमूह आहे. अटलांटिकच्या तोंडावर, सखल, वाऱ्याने झोडपलेला. तिथल्या नॉर्थ उइस्ट बेटावर लॉखमॅडी गावात अगदी पाण्याच्या कडेला टाय खेरसवाख हे कलाकेंद्र आहे. २०१८मध्ये पेक्का निइत्तूविर्ता आणि टिमो आहो या दोन फिनिश कलावंतांनी त्या इमारतीच्या भिंतींवर आणि आवारात पांढऱ्या प्रकाशाची एक सलग आडवी रेष बसवली. भरतीची पातळी ओळखणारे संवेदक तिला जोडलेले होते. भरती चढली की रेष उजळायची. वादळी उधाणात भविष्यातलं पाणी जिथवर येईल, ती ही पातळी. माणूस भिंतीशी उभा राहिला तर त्याला कळायचं, आपण पाण्याखाली आहोत. कामाचं नाव ‘लाइन्स’, आणि त्यापुढे त्या जागेचे अक्षांश-रेखांश. जागा बदलली तर नावही खोटं ठरेल, इतकं ते त्या एका ठिकाणाचं आहे. या केंद्राला त्याच जागेवर इमारत वाढवता येत नाही, आणि त्याचं कारणही भिंतीवर उजळणारी तीच पातळी. शेजारच्या साउथ उइस्ट बेटावर जानेवारी २००५च्या वादळात एका घरातली पाच माणसं समुद्रावरचा बांधरस्ता ओलांडून सुरक्षित जागी जायला निघाली आणि वाहून गेली. तीन पिढ्या. ज्या लोकांनी ही रेष रोज संध्याकाळी पाहिली त्यांना वादळ म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नव्हती. वादळाचं पाणी उद्या कुठल्या उंचीवरून सुरू होणार, हे त्यांना रेषेने दाखवलं.

या पुस्तकातलं मला सर्वांत प्रिय असलेलं काम मात्र याहून साधं आहे. त्याला वीज लागली नाही, क्रेन लागली नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या ईव्ह मोशर या कलावंत बाईने २००७च्या उन्हाळ्यात, खेळाच्या मैदानावर फक्की मारायचं ढकलगाडीसारखं यंत्र घेतलं, त्यात खडूची निळी भुकटी भरली आणि ब्रुकलिन व खालच्या मॅनहॅटनच्या किनारी वस्त्यांमधून ती रेष आखत निघाली. समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीची रेष. सुमारे सत्तर मैल. ही उंची तिने मनाने ठरवलेली नव्हती. शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर न्यूयॉर्कमध्ये साधारण या पातळीला पोचतो, आणि तापमान वाढत गेलं तर तोच पूर कितीतरी वरचेवर येऊ लागेल, असं शास्त्रज्ञांच्या अहवालात लिहिलेलं होतं. तिने अहवालातली समोच्च रेषा उचलली आणि रस्त्यावर ठेवली.

रस्त्यावर आल्यावर त्या रेषेचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. नकाशावर ती मोकळी वळणं घेत जाते. प्रत्यक्षात ती फुटपाथवरून जाते, एका दुकानाच्या दारासमोरून वळते, बागेच्या मधोमध शिरते, रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेच्या कडेने निघते. एक घर आत, त्याच्या शेजारचं बाहेर. आणि यंत्र ढकलणारी बाई दिसली की लोक थांबतात, विचारतात: हे काय चाललंय? मोशरच्या दृष्टीने रेष हे निमित्त होतं आणि ही बोलणी हे काम होतं. कुणी भाषण ऐकायला सभागृहात आलेलं नव्हतं. आपल्या दारात उभं राहून ते स्वतःच्या घराबद्दल विचारत होते. पुढे मायामीमध्ये आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये हीच कल्पना तिथल्या रहिवाशांनी हाती घेतली, आपल्या वस्तीची रेष त्यांनी स्वतः आखली.

न्यूयॉर्कमधली खडूची रेष पावसात केव्हाच धुऊन गेली होती. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ आलं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आणि ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर पाणी त्या रेषेच्या आसपास पोचलं, काही ठिकाणी पलीकडेही गेलं. शहरात चाळीसहून अधिक माणसं गेली. मोशरने भविष्य वर्तवलं होतं असं त्या वेळी काहींनी लिहिलं. मला ते पटत नाही. शास्त्रज्ञांना माहीत होतं, पालिकेला माहीत होतं, विमा कंपन्यांना तर पक्कं माहीत होतं. ती माहिती ज्यांच्या दारातून जात होती त्यांच्यापर्यंत एका बाईने ती पायी नेली.

आकडे थेट रंगांत उतरवण्याचा मार्गही काहींनी धरला. रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांचे २०१८चे हवामानपट्टे सर्वांच्या परिचयाचे आहेत: एक उभा पट्टा म्हणजे एक वर्ष, थंड वर्षं निळी, उष्ण वर्षं लाल. त्याच विद्यापीठातल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी त्याआधी वर्षागणिक रंग बदलत क्रोशाची गोधडी विणली होती, तिथून ही कल्पना सुचली. जर्मनीत फ्रायबुर्गच्या एका ट्रामवर हे पट्टे रंगवले गेले. आइसलंडमध्ये तर कलेचा आव न आणता एक फलक बसवला गेला. ओक नावाची हिमनदी इतकी पातळ झाली की स्वतःच्या भाराने ती पुढे सरकेना, आणि न सरकणाऱ्या बर्फाला हिमनदी म्हणत नाहीत. ऑगस्ट २०१९मध्ये लोक डोंगर चढून गेले आणि लेखक आंद्री स्नाइर माग्नासोन यांनी लिहिलेला मजकूर कोरलेला धातूचा फलक तिथे बसवला. काय घडतंय आणि काय करायला हवं हे आम्हाला कळत होतं, आम्ही ते केलं की नाही हे वाचणाऱ्या तुम्हालाच माहीत, असा त्याचा आशय. खाली एकच मोजमाप: त्या वेळचं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण, ४१५.

अशा कामांनी लोकांत काही बदल होतो का, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो. त्याची पाहणी झालेली आहे. मायकेल पिन्स्की यांनी २०१७मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमला पाच घुमट उभारले. एकात नॉर्वेच्या किनाऱ्यावरची स्वच्छ हवा, आणि पुढच्या चारांत लंडन, नवी दिल्ली, बीजिंग व साओ पाउलोसारखी हवा, निर्धोक द्रव्यांनी तयार केलेली. माणूस एकातून दुसऱ्यात जायचा आणि श्वास अडखळायचा. मानसशास्त्रज्ञांनी बाहेर येणाऱ्यांना प्रश्न विचारले. काहीतरी करायचा लोकांचा इरादा आधीच बळकट होता, तो किंचित वाढलेला दिसला. पण घरी गेल्यावर आपल्या उत्सर्जनाची नोंद ठेवायची संधी देण्यात आली, तेव्हा ती कुणी घेतली याचा त्या इराद्याशी संबंध आढळला नाही. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे आणि तो दडवून या कलेची भलामण करू नये. भावना जागी झाली की कृती आपोआप घडते, ही समजूत कलावंतांनी सोडून द्यावी.

आपल्याकडे दिल्लीत २०१८च्या नोव्हेंबरात सर गंगाराम हॉस्पिटलच्या आवारात हवा गाळणाऱ्या पांढऱ्या कापडाची मोठी कृत्रिम फुप्फुसं लावली होती. ती आठवड्याच्या आत काळवंडली. नवी मुंबईत खारघरलाही तसाच प्रयोग झाला आणि काही दिवसांतच तिथलीही फुप्फुसं काळी पडली. लोकांना याचा धक्का बसला आणि तो खरा होता, कारण कापड काळं करणारी हवा शहराचीच होती. फक्त एक लक्षात ठेवायला हवं. काजळी आणि कार्बन डायऑक्साइड पुष्कळदा एकाच धुराड्यातून निघतात, पण काजळी कापडावर बसते आणि पावसाने खाली येते. कार्बन डायऑक्साइड काहीही काळं न करता शतकानुशतकं हवेत राहतो. हवा स्वच्छ दिसू लागली म्हणजे हवामान सावरलं असं नाही. दोन्ही प्रश्न एकाच मांडणशिल्पात कोंबले की हा फरक हरवतो.

मराठी वाचकासाठी या पुस्तकाचं प्रयोजन मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. मोशरने जी शंभर वर्षांच्या पुराची रेष रस्त्यावर आणली, तिच्यासारखी रेष महाराष्ट्रातल्या बऱ्याच नदीकाठच्या शहरांना आहे. जलसंपदा विभागाच्या नकाशांवर दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. कोल्हापूर, सांगली, चिपळूण, पुणे इथे या रेषांवरून वाद होतात ते बांधकाम परवानगीचे. बिल्डर, वास्तुविशारद आणि नगररचना कार्यालय यांना लाल रेषा कुठून जाते ते माहीत असतं. तिसऱ्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेणाऱ्याला नसतं. त्यात ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोगच निर्धास्त करणारा. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन लाल रेषेच्या कडेला घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी दारात पाणी येण्याची शक्यता चारात एकाहून अधिक आहे. आणि हे झालं पावसाचं मान पूर्वीचंच राहिलं असं धरून.

पातळी मोजायची सवय आपल्या लोकांना नाही असं नाही. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याचे फूट विचारतो. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, दोनच वर्षांनी २०२१ला पुन्हा गेलं. गावोगाव घरांच्या भिंतींवर त्याच्या खुणा आहेत, माणसं छातीशी, गळ्याशी हात नेऊन सांगतात, “एकोणीसचं पाणी इथंवर आलतं.” हे ज्ञान अस्सल आहे, पण ते मागच्या पुराचं आहे. लाल रेषा पुढच्या पुराची. ती कुणी चौकात आणलेली नाही.

ती आणायला फार काही लागत नाही. लेव्हल घेणारा एखादा सर्व्हेअर, विभागाचा नकाशा, रंग, आणि भिंतीचा मालक. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण भिंतीवर लाल पट्टा आला की जागेचा भाव पडेल ही भीती खोटी नाही. म्हणून हे काम बाहेरून आलेल्या कलावंताने एकट्याने करू नये. मायामीत आणि ब्रिस्टलमध्ये केलं तसं गल्लीतल्या लोकांनी आधी बसून ठरवावं, आणि सुरुवात खासगी घरांपासून न करता शाळा, दवाखाना, एसटी स्टँड, मंडई अशा सर्वांच्या भिंतींपासून करावी. रेषेशेजारी ती कोणत्या वर्षीच्या नकाशावरून घेतली ते ठळक लिहावं. पावसाचं मान बदलतंय तशी शंभर वर्षांच्या पुराची पातळीही नव्याने मोजावी लागेल, आणि नवी रेष आखताना जुनी पुसू नये. दोन्ही रेषा आणि दोन्ही सालं भिंतीवर राहू द्यावीत, म्हणजे त्यांच्यामधलं अंतर फुटपट्टीने कुणालाही मोजता येईल.